नुकताच पाहिलेला सिनेमा आणि आपलं मत: पुण्यात चर्चेचा कट्टा जमवणाऱ्या नवख्यांसाठी

सिनेमा सुटला की पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंत मत तयार झालेलं असतं. ‘फर्स्ट हाफ भारी, सेकंड हाफ खेचलाय.’ हे मत खोटं नसतं, पण त्याला धरून पुढे काही बोलता येत नाही. समोरचा ‘हो ना’ म्हणतो किंवा ‘मला तर सेकंड हाफच आवडला’ म्हणतो आणि गाडी कुठे खायला जायचं यावर येते. दर पंधरा दिवसांनी सहा-आठ जणांनी बसून सिनेमावर नीट बोलावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही पद्धत आहे. तिच्या मुळाशी एकच अट आहे: जे मत सांगाल, त्यासाठी पडद्यावरची एक तरी जागा बोट ठेवून दाखवता आली पाहिजे.

माणसं किती, सिनेमा कोणता

सहा ते आठ माणसं पुरतात. चारच असली तर दोघांना काम निघालं की बैठक मोडते. दहाच्या वर गेली की टेबलाच्या त्या टोकाला वेगळ्याच गप्पा सुरू होतात. नवरा-बायको दोघंही येत असतील तर त्यांना शेजारी बसवू नका. घरी जाताना स्कूटरवर त्यांचं एकमत होऊन गेलेलं असतं आणि मग दोघांचं मिळून एकच मत ऐकायला मिळतं.

दर बैठकीला एक सामाईक सिनेमा ठरवा, जो सगळ्यांनी पाहिलेला असेल. थिएटरचा असेल तर निर्णय गुरुवारी रात्री घ्या, कारण शुक्रवारपासूनच्या खेळांच्या वेळा साधारण तेव्हा स्पष्ट होतात. मराठी सिनेमा असेल तर पहिल्या शनिवार-रविवारीच पाहून घ्या. दुसऱ्या आठवड्यात बऱ्याचदा सकाळी अकराचा एखादा खेळ उरतो, तोही कोथरूडकरांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीत. बैठक सिनेमा पाहिल्यापासून सात दिवसांच्या आत ठेवा. त्यानंतर गोष्ट लक्षात राहते, चित्रं पुसली जातात, आणि मग सगळे जण नुसतं कथानक सांगत बसतात.

ओटीटीवरचा सिनेमा असेल तर कोणती आवृत्ती पाहायची तेही आधीच ठरवा. मूळ मल्याळम, हिंदी डब की सबटायटल्स? डब केलेल्या आवृत्तीत तुम्ही ज्याच्या अभिनयाला दाद देता किंवा नावं ठेवता, तो आवाज दुसऱ्याच कुणाचा असतो. थिएटरातली आणि ओटीटीवरची लांबीही कधीकधी वेगळी निघते. एकाने जो प्रसंग पाहिलाच नाही त्यावर अर्धा तास वाद, असले प्रकार त्यातूनच होतात.

थिएटरात बसल्यावर

सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. ते येईपर्यंत बहुतेक जण पॉपकॉर्नची सोय लावत असतात. त्यावर भाषा, लांबी आणि तारीख असते, ती बघून ठेवा. वयाचा शेराही बघा: 2024 पासून ‘यूए’चे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे) 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत.

फोनवर टिपणं घेऊ नका. मागच्या चार रांगांना तो उजेड टोचतो. सिनेमातला तुकडा ‘फक्त दाखवायला’ म्हणून रेकॉर्ड करणं तर गुन्हा आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात त्यासाठी किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे. त्यापेक्षा खिशात मावेल अशी छोटी वही ठेवा आणि अंधारात एखादा शब्द खरडा. ‘लाल छत्री’, ‘पंख्याचा आवाज’ एवढं पुरतं. अक्षर वाचता आलं नाही तरी लिहिलेलं लक्षात राहतं.

मध्यंतर हा आपल्याकडचा मोठा फायदा आहे. रांगेत उभं राहून तीन गोष्टी लिहा: आतापर्यंत काय कळलं, पुढे काय होईल असं वाटतं, आणि कुठे लक्ष उडालं. सिनेमा संपल्यावर हे लिहिता येत नाही, कारण शेवट माहीत झाला की ‘मला आधीच वाटलं होतं’ असं प्रत्येकालाच वाटतं. इथे एक मेख आहे. हिंदी-मराठी पटकथेत मध्यंतराची जागा लेखकाने ठरवलेली असते. ती फसली तर दोष त्याचा. परदेशी सिनेमात मात्र थिएटरवाले मधेच कुठेतरी दिवे लावतात, कधी वाक्य अर्धवट असताना. त्यावरून ‘लय तुटली’ असं दिग्दर्शकाला ऐकवू नका.

पडदा अंधुक वाटला, संवाद खोल विहिरीतून आल्यासारखे वाटले, तर आधी थिएटरवर शंका घ्या. बैठकीत वेगवेगळ्या थिएटरांत पाहिलेले लोक असतील तर हे पाच मिनिटांत निकालात निघतं: रात्रीचे प्रसंग एकालाच काळेकुट्ट दिसले असतील तर तो प्रोजेक्टरचा मामला, सगळ्यांनाच दिसले असतील तर छायालेखकाचा.

घरच्या टीव्हीवर

‘सिनेमा सिरियलसारखा दिसत होता’ ही तक्रार बैठकीत हमखास येते. सिनेमा सहसा सेकंदाला 24 चौकटींवर चित्रित होतो. हल्लीचे टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच तयार करून भरतात, म्हणून हालचाल नको इतकी गुळगुळीत दिसते. पिक्चर सेटिंगमध्ये ‘मोशन’ हा शब्द असलेला पर्याय शोधून तो बंद करा. कंपनीगणिक नाव वेगळं असतं. काही टीव्हींवर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडला की काम होतं.

दुसरी तक्रार आवाजाची: संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीताने शेजारी उठतात. ओटीटीच्या ऑडिओ पर्यायात 5.1 (सहा स्पीकरांसाठीचा आवाज) निवडलेलं असेल आणि तुमच्याकडे टीव्हीचेच दोन स्पीकर असतील तर असं होऊ शकतं. स्टिरिओ निवडा, नाहीतर सरळ हेडफोन लावा. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात म्हणून झूम करू नका. रुंद चौकटीच्या सिनेमात त्या असायच्याच. झूम केलं की दोन्ही कडांची माणसं कापली जातात.

टिपण: पहिली पंधरा मिनिटं

घरी पोहोचल्यावर, कुणाचंही परीक्षण वाचायच्या किंवा व्हिडिओ बघायच्या आधी, पंधरा मिनिटं लिहा. परीक्षण वाचल्यावर आपलं मत आणि त्याचं मत वेगळं काढता येत नाही. मोठा निबंध नको. एक दृश्य, एक आवाज आणि एक निर्णय, एवढंच लिहा. निर्णय म्हणजे दिग्दर्शकाने हे असंच का केलं असेल, वेगळं काय करता आलं असतं.

एक कल्पित प्रसंग घेऊ. बाप मुलीला स्वारगेटला एसटीत बसवून द्यायला आलाय. टिपणात पहिलं वाक्य येतं: ‘तो सीन काळजाला भिडला.’ तिथेच न थांबता स्वतःला विचारा. काय दिसलं? कॅमेरा फलाटाच्या पलीकडे होता आणि मधून माणसं, ट्रंका, हमाल जात होते. बाप पुरता दिसतच नव्हता. काय ऐकू आलं? गाडी सुरू झाली तेव्हा तो खिडकीशी काहीतरी बोलला, पण इंजिनच्या आवाजात ते बुडालं. कट (एक शॉट तोडून दुसरा) कुठे केला? गाडी निघाल्यावर नाही. त्याने शर्टाचा खिसा चाचपला आणि तिला द्यायच्या नोटा तिथेच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं, तिथे. आता मत असं होतं: ‘दोघांत जे बोलायचं राहिलं ते आपल्यालाही ऐकू दिलं नाही, म्हणून ते लागलं.’ यावर दुसऱ्याला भांडता येतं. तो म्हणेल, ‘पण खिसा चाचपल्यावर बासरी कशाला? इंजिनचा आवाजच पुरे होता.’ चर्चा म्हणतात ती इथून पुढे सुरू होते.

डोळे आणि कान तयार व्हायला घरी एक सराव करा. आधी पाहिलेल्या सिनेमातलं एकच मिनिट घ्या. पहिल्यांदा प्रत्येक कटला टेबलावर बोट आपटा आणि मोजा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा. तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. हाणामारीच्या मिनिटात चाळीसही कट सापडतात, कुठे पूर्ण मिनिटात एकही नाही. तिसऱ्या फेरीत पंखा, कुकरची शिट्टी, लांबची अजान, कुत्रं असं जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं नंतर मुद्दाम घातलेलं असतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं हा सराव केला तरी महिन्याभरात बोलण्यात फरक पडतो.

श्रेय आणि दोष कुणाचा

नवखे इथे सगळ्यात जास्त घसरतात, म्हणून थोडं सविस्तर.

‘कॅमेरा काय सुंदर आहे!’ असं म्हणताना बऱ्याचदा कोकण सुंदर असतं. छायालेखनाबद्दल बोलायचं तर उजेड कुठून येतोय, कॅमेरा किती उंचीवर आहे, तो कुणाच्या बाजूने आहे, हे बघा. वाड्यातल्या भिंतीचा उडालेला रंग, देवळीतली काजळी, जुनं कॅलेंडर हे कलादिग्दर्शकाचं काम. माणसाच्या अंगावर काय आहे ते वेशभूषाकाराचं. नऊवारी नेसलेली बाई शेतातून आली आणि पदर इस्त्रीचा, तर दोष नटीचा नाही.

‘एडिटिंग स्लो आहे’ हे तर पुण्यातलं राष्ट्रीय वाक्य. तपासायची सोपी रीत आहे. तीच माहिती दोन वेगवेगळ्या प्रसंगांत मिळाली (आधी नायकाने आईला सांगितलं, मग मित्रालाही तेच) तर दोष पटकथेचा. सगळी माहिती मिळून गेल्यावरही शॉट टिकून राहिला तर निर्णय संकलक आणि दिग्दर्शकाचा. आणि तो शॉट तुम्हाला काहीतरी शोधायला लावत असेल तर तो कदाचित दोष नसेलच. संथ आणि कंटाळवाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत.

अभिनयाबद्दल बोलताना ‘रडला छान’ यापेक्षा समोरचा बोलत असताना हा काय करत होता ते पाहा. ऐकणं खोटं असलं की लगेच दिसतं. संवाद ओठांना जुळत नसतील, खोलीत घुमण्याऐवजी कानाशी आल्यासारखे वाटत असतील, तर ते नंतर स्टुडिओत नीट डब झालेले नाहीत. चित्रीकरणाच्या वेळीच आवाज घेतला असेल तर श्वास, कापडाची सळसळ, ताटली सरकल्याचा आवाज संवादात मिसळलेला असतो.

बसायला कुठे

रविवारी सकाळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलांत हे करायला जाऊ नका. बाहेर नाव लिहून लोक टेबलाची वाट बघत असतात आणि दोन कॉफ्यांवर दीड तास बसणाऱ्या आठ जणांकडे वेटर ज्या नजरेने बघतो ती सहन होत नाही. दुपारी तीन ते पाच बरं, पण त्या वेळी निम्मं पुणं झोपलेलं असतं. सोसायटीचा हॉल, कुणाची तरी गच्ची किंवा मोठा दिवाणखाना हेच खरं. जून ते सप्टेंबर गच्ची विसरा. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमध्ये बैठक ठेवलीत तर अर्धे लोक पोहोचणार नाहीत आणि पोहोचलेल्यांना एकमेकांचं ऐकू येणार नाही. मेट्रोच्या स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा असली की ‘पार्किंग मिळालं नाही’ ही सबब संपते.

सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून ओटीटीवरचा सिनेमा सगळ्यांना दाखवायचा मोह होईल. वैयक्तिक सदस्यत्व घरगुती पाहण्यापुरतं असतं. सामूहिक खेळ करायचा तर हक्क असलेल्यांची लेखी परवानगी लागते. चर्चेसाठी बसायला कुणाच्याच परवानगीची गरज नाही.

दीड तासाची आखणी

एकाला सूत्रधार करा, दर वेळी वेगळा. त्याने घड्याळ बघायचं, स्वतःचं मत सगळ्यात शेवटी सांगायचं.

आल्याबरोबर प्रत्येकाने चिठ्ठीवर ‘आवडला’, ‘नाही’ किंवा ‘ठरत नाही’ यांपैकी एक लिहून त्याखाली एकच ओळ लिहायची आणि चिठ्ठी उलटी ठेवायची. हा पोरखेळ वाटेल, पण ही पायरी गाळू नका. पहिला माणूस जरा ठामपणे बोलला की पुढचे तीन जण आपलं मत गुपचूप त्याच्या बाजूला सरकवतात. चिठ्ठी समोर असली की सरकवता येत नाही.

पहिली फेरी माणशी दोन मिनिटांची, मधे कुणी बोलायचं नाही. सुरुवात ‘ठरत नाही’वाल्यांपासून, मग नावडलेले, शेवटी आवडलेले. उलट क्रमाने गेलात तर नावडलेल्यांना आनंदावर विरजण घातल्यासारखं वाटतं आणि ते ‘ठीक होता’वर भागवतात. या फेरीत कथानक सांगायला बंदी, सगळ्यांनी पाहिलाय. तरीही कुणीतरी ‘म्हणजे तो आधी गावाला जातो ना, मग...’ अशी सुरुवात करतोच. सूत्रधाराने एवढंच विचारायचं: ‘कुठला सीन?’

मग चाळीस मिनिटं मोकळी चर्चा, पण मुद्दे तीनच. पहिल्या फेरीत ज्या दृश्याचं नाव दोघातिघांनी वेगवेगळ्या कारणाने घेतलं, ते आधी घ्या. वाद रंगला आणि सिनेमा ओटीटीवर असेल तर आठवणीवर भांडू नका, तो सीन लावून पाहा. निम्मे वाद तिथेच मिटतात, कारण एकाला आठवणारा क्लोजअप मुळात नसतोच.

शेवटची वीस मिनिटं ‘आणखी काय पाहिलं’ यासाठी. इथे बाकीच्यांनी तो सिनेमा पाहिलेला नसतो, म्हणून नियम बदलतो: पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत कळणाऱ्या गोष्टीच सांगायच्या. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हेही सांगायचं नाही. एवढ्यावरही बघणारा धक्क्याची वाट बघत बसतो. शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर न पाहिलेल्यांनी चहा टाकायला स्वयंपाकघरात जावं.

जिथे हमखास बिनसतं

ऐतिहासिक सिनेमा. पुण्यात शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर बसून त्यावर बोलताना पंधराव्या मिनिटाला सिनेमा बाजूला पडतो आणि बखरी निघतात. त्याला वेळेची मर्यादा घाला: इतिहासाला पंधरा मिनिटं. ‘असं घडलंच नव्हतं’ असं कुणी म्हटलं तर ते वहीत नोंदवा आणि पुढच्या वेळी संदर्भासह आणायला सांगा. चारपैकी एखादाच दावा परत येतो. सिनेमाने इतिहास बदलला असेल तर त्यातून त्याने काय साधलं हा प्रश्न बैठकीतला, बाकीचं ग्रंथालयात.

कादंबरीवरचा सिनेमा असला की पुस्तक वाचलेले लोक बाकीच्यांना बोलू देत नाहीत. त्यांची फेरी सगळ्यात शेवटी लावा.

तिसरी अडचण खास इथली. एफटीआयआय (इथली फिल्म इन्स्टिट्यूट), एकांकिका स्पर्धा, नाटकाचे ग्रुप यांमुळे टेबलावरच्या कुणाचा तरी भाचा त्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत असतोच. ओळख असेल तर ती आधी सांगावी आणि मग हवं ते बोलावं. लपवली की दोन बैठकांनंतर कळते आणि मागचं कौतुकही वाया जातं.

‘बकवास’, ‘टुकार’, ‘मास्टरपीस’ या शब्दांवर बंदी घालायची गरज नाही. फक्त त्यांच्यापुढे ‘कारण’ जोडायची सक्ती करा. जातीवरून, धर्मावरून किंवा नटीच्या अंगकाठीवरून शेरे येऊ लागले तर सूत्रधाराने तिथल्या तिथे थांबवावं. ‘नंतर बोलू’ असं म्हणून ते कधीच बोललं जात नाही.

लिहून टाकायचं असेल तर

अडीचशे-तीनशे शब्द पुरतात. कथानक दोन वाक्यांत, तेही पहिल्या अर्ध्या तासापर्यंतचं. मग एक दृश्य सविस्तर, मग त्यावरून पूर्ण सिनेमाबद्दल एक विधान, आणि जे पटलं नाही ते. सगळ्या विभागांना एकेक ओळ वाटत बसू नका. ‘संगीत श्रवणीय, छायाचित्रण नेत्रसुखद’ हे वाचून कुणी तिकीट काढत नाही आणि रद्दही करत नाही. पाचपैकी साडेतीन तारे देण्याआधी साडेतीन का आणि तीन का नाही हे स्वतःला विचारा; उत्तर नसेल तर तारे गाळा.

इथेच आणखी शिकायचं तर

या बाबतीत पुणेकरांना तक्रारीला जागा नाही. कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यात आली. तिच्याच स्टुडिओच्या आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि 1964 मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. फिल्म इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय यांचा चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम अनेक वर्षांपासून चालत आला आहे. त्याला सिनेमातलाच माणूस असावं लागत नाही. प्रवेशाच्या जाहिरातीसाठी संस्थेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. लॉ कॉलेज रस्त्यावर संग्रहालयाच्या थिएटरात होणारे खेळही सामाईक सिनेमा म्हणून निवडता येतात. जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायची ती चांगली संधी असते.

2002 पासून होणारा पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव साधारण जानेवारीत येतो. कट्ट्यावरच्या सगळ्यांनी मिळून त्याचं वेळापत्रक घेऊन बसा आणि वाटण्या करा. दिवसाला तीनच्या वर सिनेमे पाहू नका. चौथ्याला संध्याकाळी कोणता नायक कोणत्या देशातला हे डोक्यात राहत नाही. लोकप्रिय सिनेमाला जागा आधी येणाऱ्याला मिळते, त्यामुळे पाऊण तास आधी रांगेत उभं राहायची तयारी ठेवा, आणि मागच्या सिनेमाचं टिपण त्याच रांगेत उरका. शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस नुकताच कुठून बाहेर पडलाय ते विचारायला लाजू नका. फक्त ‘शेवट सांगू नका हं’ हे आधी म्हणा, कारण तो सांगायच्या बेतातच असतो.